अकरा वाजताची पहाट

तिसरी वाटी तोंडात होती आणि जागृतीला काहीच येत नव्हतं.

काहीच म्हणजे काहीच नाही! गोड लागत होतं, तेवढं जिभेला कळतंच, पण गोड तर साखरपाणीही लागतं. चॉकलेट म्हणून जे असतं ना, तो भाजल्याचा वास, त्याच्या मागून हळूच येणारं दूध, आणि सगळ्यात शेवटी नाकात रेंगाळणारा तो कडवट धागा, ते सगळं गायब. मेणबत्तीचा तुकडा चघळावा तसं ती चघळत होती. बूथमध्ये लाल दिवा होता. लाल अशासाठी, की वाटीतल्या चॉकलेटचा रंग बघून कोणी अंदाज बांधू नये. त्या लाल उजेडात तिचे हात लाल, वाट्या लाल, समोरचा टॅब लाल, आणि टॅबवर प्रश्न, ‘कोणता नमुना वेगळा आहे?’

तिने डोळे मिटून मधल्यावर बोट ठेवलं. वर्गातलं ढ पोर ठेवतं तसं.

आता हा बूथ म्हणजे काय ते सांगायला हवं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एक चॉकलेटचा कारखाना आहे. तिथे माल बाहेर जायच्या आधी आठ-दहा बायका तो चाखतात. त्याला पॅनेल म्हणतात. बाकी दिवसभर ह्या बायका रॅपिंगला असतात, पण सकाळी अकराला हात धुऊन, डोक्याला टोपी घालून एकेका बूथमध्ये शिरतात. बूथ म्हणजे टेलिफोनच्या जुन्या खोक्याएवढी जागा, मध्ये फळीची भिंत, समोर छोटी खिडकी. खिडकीतून ट्रे आत येतो, त्यात झाकणाच्या तीन वाट्या. दोन सारख्या, एक वेगळी. जिभेवर ठेवायचं, वितळू द्यायचं, वास नाकात चढू द्यायचा आणि थुंकायचं. मग कोमट पाणी, अर्धं फिकं बिस्कीट, आणि पुढची वाटी. थुंकायचं, बरं का! गिळायचं नाही. पोट भरलं की जीभ आळसावते.

जागृती इतकी वर्षं पॅनेलवर होती, पण एक अख्खं चॉकलेट तिच्या पोटात कधी गेलं नव्हतं.

ती सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली सून. सासू शेवंताबाई अजूनही ओहोटीला खाडीत उतरून चिखलातून निवट्या मासळी आणि खुब्याचे शिंपले काढते आणि विकते. अशा घरातली बाई चॉकलेटच्या पॅनेलवर कशी? तर जागृती आधी नुसती रॅपिंगला होती. एकदा कंपनीने सगळ्या बायकांना छोट्या छोट्या बाटल्या हुंगायला दिल्या. सगळ्यात पुढे गेली ती हीच. तेव्हाचे साहेब हसले होते, “सुक्या बोंबलात वाढलेलं नाक, आणि चॉकलेट ओळखणार?” तर ही फाटकन म्हणाली, “बोंबलात वाढलं म्हनून तर ओळखतं साहेब. कालचा कुठला न् परवाचा कुठला, अंधारात सांगते.” साहेबांचं हसू तिथेच अडकलं, बाटल्याही हिने सगळ्या बरोबर ओळखल्या आणि हिला बूथ मिळाला.

पण बूथ मिळाला म्हणजे व्रत आलं! पॅनेलच्या दिवशी सकाळी चहा नाही, कांदा नाही, गजरा नाही, वासाचं तेल नाही आणि मासळी तर अजिबात नाही. घरात भाकरीबरोबर बोंबील चुलीवर चरचरत असायचे आणि ही दारात उभी राहून कोरडी चपाती चावायची. शेवंताबाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, “माज्या सुनंला शिवू नका गो कोनी! सोवल्यात हाय ती. चॉकलेटचा देव हाय तिचा, अकरा वाजता उठतंय.” सगळी गल्ली हसायची. जागृतीपण हसायची. कारण आत कुठेतरी तिला ते फार आवडायचं. दहावी नापास होती ती. नाक हीच तिची डिग्री.

आणि गणपतीनंतर तिला ताप आला. साधाच, चार दिवसांचा. ताप गेला, पण जाताना नाक घेऊन गेला.

नेरूळच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, फवारा दिला आणि म्हणाले, “येईल. हळूहळू येईल. काहींना येतं, काहींना नाही येत. वाट बघा.” वाट बघा! ज्याचं नाक नुसतं श्वास घ्यायला आहे त्याला सांगा वाट बघ म्हणून.

तिने कोणालाच सांगितलं नाही. चॉकलेट तुटतं त्याचा आवाज, जिभेवर ते किती पटकन सैल होतं, दाताला खरखरतं की नाही, एवढ्यावर ती दिवस ढकलत होती. कधी लागायचं, कधी हुकायचं. आणि आता हुकायचंच जास्त.

त्याच दिवशी बूथमधून सगळ्या बाहेर आल्यावर क्षिप्रा मॅडम म्हणाल्या, “ताई, सगळ्यांनी ऐका जरा. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांची टेस्ट आहे. वरून आलंय, पॅनेल छोटं करायचंय. टेन्शन नका घेऊ, नेहमीसारखंच असेल.” क्षिप्रा मॅडम म्हणजे वयाने जागृतीच्या धाकट्या बहिणीएवढी. खारघरला राहायची, फूड टेक्नॉलॉजी शिकून पॅनेल सांभाळायची, पोरगी चांगली.

“आणि नाय जमलं त्यांचं?” वैजयंतीने विचारलं.

“त्यांनी फुल टाइम रॅपिंग.”

रॅपिंग! रॅपिंगला नवीन मशीन आलं होतं. निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कोपऱ्यात उभं होतं. दिवाळीनंतर सुरू होणार होतं, आणि ते सुरू झालं की तिथे किती बायका उरणार हे सांगायला जोतिषी नको होता.

वैजयंती जागृतीच्या शेजारच्या बूथमध्ये बसायची. उलव्याची. नवरा घरी बसून, त्यामुळे घर हिच्यावर. जागृतीची सगळ्यात जवळची. कँटीनमध्ये तिने जागृतीकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, “तुझं काय चाल्लंय गं? महिनाभर बघते. आमटीत मीठ नाय न् तू गप खातेस.”

जागृतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि मग सगळं बाहेर पडलं, ताप, नाक, मेणबत्ती, सगळं.

वैजयंतीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “शुक्रवार.”

“हां. शुक्रवार.”

*

आता गंमत बघा. गंमत कसली, दैवाची थट्टा. दुसऱ्या दिवशी ओहोटी भल्या पहाटेची होती. शेवंताबाई उठल्या, टोपली शोधायला लागल्या, आवाजाने जागृती उठली. चुलीवर आधण ठेवलं. रात्रभर रडून तोंड कोरडं पडलेलं. पर्समध्ये एक तुटका तुकडा होता, रॅपिंगमध्ये बाद झालेला. कसलाही विचार न करता तिने तो तोंडात टाकला.

आणि आला!

अख्खा आला. भाजल्याचा वास आला, दूध आलं, मागून तो कडवट धागा आला, आणि त्या धाग्याच्या टोकाला काहीतरी सुक्या खजुरासारखं होतं, तेसुद्धा आलं. जागृती चुलीपुढे मटकन बसली. आधण उकळून उतू गेलं. शेवंताबाई आत आल्या तर सून तोंडावर हात ठेवून हसतेय का रडतेय ते कळेना.

“काय झायला गो?”

“आला, आई. वास आला.”

“कसला वास? पानी जलला माजा!”

जागृती घरभर धावली. साबण हुंगला, नवऱ्याचा, म्हणजे कुंदनचा, शर्ट हुंगला, मसाल्याचा डबा उघडला. सगळं होतं! सगळं जागच्या जागी होतं! कुंदन उरणला कंटेनरच्या यार्डात ट्रेलर चालवायचा, नुकताच घरी येऊन आडवा झाला होता. त्याच्या मानेत नाक खुपसलं तर तो दचकून उठला. “ए! काय पोलिस कुत्रं झालीस काय?”

पण उजाडलं, उन्हं खिडकीवर आली, आणि खाडीला ओहोटी लागते तसा वास ओसरत गेला. आधी खजूर गेला. मग दूध. तांब्याभर पाणी पिऊन परत तुकडा तोंडात टाकला तर मेणबत्ती.

दुसऱ्या पहाटे परत तेच. तिसऱ्या पहाटे परत. झोपेतून उठलं की नाक उघडं, थोडा वेळ. मग बंद. दुकान उघडावं, गिऱ्हाइकाला दिसावं आणि शटर पडावं, तसं.

म्हणजे नाक होतं. फक्त अकराला नव्हतं.

मग काय, ती क्षिप्रा मॅडमच्या मागे लागली. पण कशी लागणार? खरं सांगायची सोय नाही. कँटीनमध्ये उगाच विषय काढला, “मॅडम, चॉकलेट खायची खरी वेळ कुठली हो?”

स्टोअरचा रणजीत शेजारच्या टेबलावर होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला, “दुपारी चार. चहाच्या आधी. माणूस पार डाउन असतो, तेव्हा एक बाइट मारला की एकदम हाय!”

“गप रे,” वैजयंती म्हणाली, “रात्री जेवून, भांडी घासून, सगळे झोपल्यावर. लपून. लपून खाल्लेल्याची चव वेगळीच असते.”

क्षिप्रा हसायला लागली. “तुम्ही दोघंही बरोबर. एकच चॉकलेट सकाळी कडू वाटतं, रात्री कमी कडू वाटतं. भूक असते, थकवा असतो, आधी काय खाल्लंय ते असतं. म्हणून तर आपण अकरा धरलेत. नाश्ता जिरलेला असतो, जेवण व्हायचं असतं. जीभ मोकळी असते.”

“आणि पहाटे?” जागृती म्हणाली. “म्हंजे उठल्या उठल्या? तेव्हा तर एकदम कोरी असते ना जीभ? मॅडम, आपन पॅनेल पहाटे ठेवलं तर? मी येईन. साडेपाचच्या बसने येईन. रोज.”

“पहाटे चॉकलेट कोण खातं ताई?” क्षिप्रा अजून हसतच होती. “गिऱ्हाईक ज्या वेळेला खातं त्याच्या जवळपास तरी चाखायला हवं ना!”

“एकदा करून बघू ना मॅडम. एकच दिवस. शुक्रवारी.”

जागृतीचा आवाज असा काही फाटला की रणजीतने मान वळवली. क्षिप्राचं हसू थांबलं. “सगळं ठरलंय ताई. अकरा म्हणजे अकरा.” मग जरा खाली वाकून, “बरं आहे ना सगळं घरी?”

“हो हो. मजेत.”

त्या दिवशी ती घरी आली ती पाय ओढत. तर दुपार टळून गेलेली आणि शेवंताबाई ओट्यावर घोरत पडलेल्या, पायाला चिखल वाळलेला. दारातल्या आवाजाने जाग्या झाल्या, चूळ भरली आणि म्हणाल्या, “चाय ठेव गो. सकाल झाली माजी.”

“संध्याकाळ झालीय, आई.”

“तुजी झाली असंल. आमचा दिस घड्यालावर नाय उगवत, वहटीवर उगवतंय. आज वहटी उशिरा होती, दुपारची निजली, आता उठली. मंग ही सकाल नाय तर काय हाय?”

जागृती दारातच थांबली. एक चप्पल पायात, एक हातात.

अरे! हो की!

पहाटेचा काय संबंध? उजेडाचा काय संबंध? नाक झोपेतून उठल्यावर उघडतं. मग झोपच सरकवली तर? शुक्रवारी अकराला पहाट आणली तर?

*

तिने सगळं जमवलं. दिवाळीचा माल होता, रॅपिंगला रात्रपाळी सुरू झाली होती, कोणी घ्यायला तयार नव्हतं. जागृतीने मागून घेतली. सुपरवायझरने दोनदा विचारलं, “नक्की ना?” रात्रपाळी सकाळी सुटायची. पॅनेलवाल्यांनी मग अकरापर्यंत थांबायचं, आणि तोवर लेडीज रेस्टरूममध्ये लोखंडी खाटा होत्याच. बेत साधा होता. रात्रभर जागायचं, सकाळी झोपायचं, अकराच्या जरा आधी वैजयंतीने येऊन उठवायचं, तोंड न धुता, पाण्याचा थेंब न घेता तडक बूथमध्ये. डोळ्यांत झोप असतानाच जिभेवर वाटी.

कुंदन म्हणाला, “मी रात्री यार्डात, तू रात्री फॅक्टरीत. लग्न केलंय का रिले रेस? वटवाघूळ झालीस तू.”

“चार दिवस रे.”

“आणि नाय जमलं तर नाय जमलं. मी आहे ना. कशाला जिवाला लावून घेतेस? चॉकलेटच तर आहे.”

तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो गपचूप भाकरी मोडायला लागला. चॉकलेटच तर आहे! आता त्याला काय सांगणार, की उद्या ट्रेलरचं स्टिअरिंग हातात असून चाकं वळेनाशी झाली तर तू काय म्हणशील, स्टिअरिंगच तर आहे?

गुरुवारी तिने रंगीत तालीम केली. रात्र काढली, सकाळी खाटेवर पडली, पडल्या पडल्या मेल्यासारखी झोपली. वैजयंतीने हलवलं, तिने डोळे न उघडताच तुकडा तोंडात टाकला, आणि दोघी श्वास रोखून बसल्या.

“काय?”

“थांब.”

“येतंय?”

“थांब गं... दूध. दूध आलं. वैजू, खजूर आला!”

वैजयंतीने तिला मिठीच मारली. दोघी त्या खाटेवर शाळकरी पोरींसारख्या नाचल्या. खाट करकरली, बाहेरून कोणीतरी ओरडलं, “काय भूकंप आहे का?” जागृती घरी गेली तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. बसची खिडकी उघडून पाम बीच रोडवरून येणारा खाडीचा वारा तिने नाकात ओढला. तोवर वास गेला होता, पण तिला पर्वा नव्हती. कुलूप सापडलं होतं, किल्ली सापडली होती.

आणि शुक्रवार आला.

पाळी सुटली. जागृती खाटेवर पडली. भिंतीकडे तोंड केलं, ओढणी डोळ्यांवर घेतली.

झोप येईना.

आधी वाटलं, येईल. रात्रभर उभी होती, पाय ठणकत होते, डोळे जळत होते, न येऊन जाईल कुठे? कूस बदलली. पंख्याची घरघर ऐकली. मनात म्हणाली, झोप. जागृती, झोप आता. आणि तेवढं म्हटलं की डोळे टक्क! मग आकडे मोजले, मग देवाचं नाव घेतलं, मग एकवीरा आईला नवस बोलली, की आई, एक डुलकी दे, कोंबडा देते, बोकड देते. मग वाटलं, झोपायचंच नाही असं ठरवू, म्हणजे येईल. तेही करून बघितलं. मनाला काय फसवता येतं? बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होता, टूं टूं टूं. कोणीतरी नळ सोडला. कोणीतरी हसलं. तिचं काळीज कानात वाजत होतं. जी झोप रात्री उभ्याउभ्या मानेवर बसत होती, ती आता दाराबाहेर उभी होती आणि कितीही हाका मारल्या तरी आत येत नव्हती.

एकदा वाटलं, आली. सगळं मऊ झालं. आणि त्याच क्षणी आतून कोणीतरी म्हणालं, आली बरं का! झालं. गेली.

मग दार हळूच वाजलं. चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत वैजयंती आत आली. लहान मूल निजलेल्या खोलीत आई येते तशी. जागृतीने डोळे मिटून घेतले, श्वास संथ केला. वैजयंतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या हळू आवाजात म्हणाली, “जागू... ऊठ. सकाळ झाली.”

आणि जागृती उठली. झोपेतून उठल्यासारखी उठली. डोळे चोळले, जांभईसुद्धा दिली. त्या चेहऱ्याला, त्या हातातल्या चपलांना, झोप लागलीच नाही हे कसं सांगायचं?

*

लाल दिवा. खिडकी उघडली, ट्रे आला. तीन वाट्या, प्रत्येकीच्या झाकणावर आकडे.

पहिली वाटी. मेणबत्ती.

पाणी. बिस्कीट. दुसरी वाटी. मेणबत्ती.

तिने नाक चिमटीत धरलं, सोडलं, श्वास ओढला, तोंड मिटून नाकाने सोडला, जीभ टाळूला घासली. तुटण्याचा आवाज सारखा, वितळणं सारखं. ह्या वेळी फरक फक्त वासात ठेवला होता. तिसरी वाटी. ती चावतच राहिली, चावतच राहिली, जणू जोरात चावलं तर वास घाबरून बाहेर येईल. थुंकायचं पण विसरली. टॅबवर तीन चौकोन. ‘कळत नाही’ असा चौथा चौकोन नसतोच मुळी, एकावर बोट ठेवावंच लागतं.

तेवढ्यात फळीच्या पलीकडून आवाज आला. टक. टक.

चमच्याचा. मग थांबला. मग पुन्हा, टक. टक.

दुसरी! वैजयंती सांगत होती, दुसरी वाटी वेगळी आहे! जागृतीचं बोट सुटलं, मधल्या चौकोनाकडे गेलं, आणि हवेतच थांबलं.

कारण प्रत्येकीच्या ट्रेचा क्रम वेगळा असतो. मुद्दामच वेगळा लावतात, शेजारणीने शेजारणीला सांगितलं तरी उपयोग होऊ नये म्हणून. आकडे वेगळे, जागा वेगळी. वैजयंतीची दुसरी ती जागृतीची पहिली असेल, तिसरी असेल, देव जाणे. हे पॅनेलवरच्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी शिकवतात. वैजयंतीने तर नव्या मुलींना स्वतः शिकवलेलं. आणि तीच वैजयंती, जिच्या एकटीवर उलव्याचं घर उभं होतं, ती सगळं विसरून, पकडली गेली तर काय होईल हेही विसरून, फळीवर चमचा मारत होती. टक. टक. ऐकलंस ना? टक. टक. दुसरी गं!

जागृतीला हसू आलं. खरंच आलं. ते अर्ध्यात पोहोचलं आणि त्याचं काहीतरी दुसरंच झालं. तिने तोंडावर ओढणी दाबली.

पलीकडे टकटक थांबेना. म्हणजे वैजयंतीचं लक्ष स्वतःच्या वाट्यांत नव्हतं. अशी बसली तर तीसुद्धा जाईल. आणि समजा आज कसंतरी निभलं, तर सोमवारी? मंगळवारी? रोज अकराला पहाट कुठून आणायची? आजच नाही आणता आली.

तिने फळीवर तळहात ठेवला आणि एकदाच थाप मारली. पाठीवर मारतात तशी. बस. तू तुझं बघ.

टकटक थांबली.

मग जागृतीने एकेका वाटीला झाकण लावलं, ट्रे सरळ केला आणि खिडकीतून बाहेर सरकवला. टॅब त्याच्यावर ठेवला, कोरा.

खिडकीत क्षिप्राचा चेहरा आला. त्या बाजूला पांढरा उजेड होता, डोळे दिपले. “ताई? बोट ठेवायचं राहिलं.”

“राहिलं नाय मॅडम.” जागृतीचा आवाज अगदी साधा होता. “मला येत नाय वास. गणपतीपास्नं.”

क्षिप्राने मागे वळून बघितलं, कोणी ऐकत नाही ना. पुढे वाकली. “आधी का नाही बोललात? ताई, मी काहीतरी... एकावर बोट ठेवा ना. कुठल्याही. तीनात एक चान्स असतो. प्लीज.”

“सकाळी येतो वास मॅडम. पहाटे उठल्या उठल्या. खजूर पन येतो. ह्यात खजूर घातलाय का?”

“खजूर नाही, पण...” क्षिप्राचे डोळे भरले, “बिया नवीन आल्यात. त्यांना तसा वास आहे थोडा. अजून कोणीच नव्हतं ओळखलं.”

“आहे ना,” जागृती म्हणाली. “मला वाटलंच.”

आणि तिने आपल्या हाताने खिडकी बंद केली. मग टोपी काढली, घडी केली, बिस्किटाचा उरलेला अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि बाहेर पडली.

*

वैजयंती पॅनेलवर राहिली. तिने सांगताना इतकं रडून घेतलं की जागृतीलाच तिची समजूत घालावी लागली. दिवाळीच्या आधीच मशीनवरचं निळं प्लॅस्टिक निघालं, आणि रॅपिंगच्या बायकांपैकी ज्यांना घरी बसायला सांगितलं त्यांत जागृती होती. क्षिप्राने जाताना एक डबा दिला, रिबीन लावलेला. पहिल्यांदाच. थुंकायचा नाही असा.

घरी त्या रात्री शेवंताबाईंनी ताटात बोंबील वाढले, न विचारता. जागृतीने खाल्ले. कडक होते, तिखट होते. बोंबील म्हणून जे असतं, ते नव्हतं.

“कसं झालंय?” शेवंताबाईंनी विचारलं.

“मस्त.”

म्हातारीने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या ताटातला सगळ्यात मोठा तुकडा तिच्या ताटात टाकला. सोवळ्याची थट्टा तिने पुन्हा कधी केली नाही.

पुन्हा पहाटेची ओहोटी आली, तेव्हा शेवंताबाई टोपली घेऊन निघाल्या आणि मागून जागृतीही निघाली, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. जेट्टीपाशी अजून अंधार होता. पाणी मागे गेलेलं, चिखल नुसता चमकत होता, तिवरांच्या पलीकडे पुलावरचे दिवे. दोघी जेट्टीच्या दगडावर टेकल्या. जागृतीने पदराच्या गाठीतून डब्यातलं एक चॉकलेट काढलं, अर्धं मोडून सासूला दिलं.

“मना कशाला? मना गोड नाय आवडत.”

“खा ना, आई. पटकन खा. माजं दुकान बंद होईल.”

शेवंताबाईंनी तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. “कडू हाय गो!”

“थांबा. चावू नका. जिभेवर ठेवा.” जागृतीचे डोळे मिटलेले. “आता भाजल्याचा वास येईल, तांदूळ भाजल्यासारका. आला?”

“हां... आला वाटतं.”

“आता दूध. मागून. हळू येतं ते.”

“हां.”

“आता खजूर.”

“खजूर कुठं हाय यात?”

“आहे. एकदम शेवटी. नाकात बघा.”

म्हातारी नाक वर करून बसली, खाडीच्या वाऱ्यात कुत्रं बसतं तशी. पूर्वेला जरा फटफटलं. पाण्याच्या कडेला पक्षी दिसायला लागले, आधी करडे, मग हळूहळू रंगाचे. जागृतीने तोंडातलं गिळलं. अख्खं गिळलं. आणि वाट बघत राहिली, आतल्या आत, एकेक गोष्ट जाताना तिला निरोप देत असल्यासारखी.

“गेला काय?” शेवंताबाईंनी विचारलं.

जागृतीने तोंड मिटून नाकाने हळूच श्वास सोडला.

“आहे अजून,” ती म्हणाली. “जरासा.”

मग तिने चांदीचा कागद नीट सपाट केला, पदराच्या गाठीत बांधला, आणि सासूच्या मागोमाग चिखलात पाय टाकला.